डोळा चुकवून

देवरी,
१६ नोव्हेंबर

राखी,

हॉस्टेलच्या पत्त्यावर आलेली पत्रं वॉर्डन फोडतात का, मला माहीत नाही. फोडत असतील तर वाचू देत. फोन तू उचलत नाहीस. बाबा दर रविवारी फोन घेऊन अंगणात जातात, भिंतीकडे तोंड करून तुझ्याशी बोलतात आणि आत आले की म्हणतात, "शाळेतला होता." रविवारी कुठली शाळा, असं मी विचारत नाही. त्यांच्या चेहऱ्यावरून तू जेवतेस की नाही एवढं मला कळतं. सध्या जेवतेस.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी मी दूध घेऊन आले, तेव्हा तुझी चादर घडी घालून पलंगावर ठेवलेली होती. बाबा दात घासत होते. म्हणाले, "गेली ना ते, पहिल्या बसनं. तुले सांगितलं नाई का?" मी नाही म्हणाले आणि दूध तापवायला ठेवलं. तुझ्या वाटणीचंही ठेवलं. हात सवयीनेच चालला.

आदल्या संध्याकाळचं आधी लिहायला हवं. तू तुझ्या प्रबंधातलं पान वाचून दाखवलंस. मी करंज्यांचा डबा भरत होते. 'वय वर्षे दोन ते सहा, माता अनुपस्थित.' प्रबंधात नाव दिलेलं नव्हतं, पण ती मुलगी तू होतीस. मी म्हणाले, असं नव्हतं ते. तू शांतपणे म्हणालीस, "तू नाकारतेस, म्हणजेच ते खरं आहे. याला प्रतिकार म्हणतात, आई. तूच शिकवतेस."

शिकवते ना. मानसशास्त्राच्या तासाला व्हिएन्नाच्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरांचा धडा मी दरवर्षी शिकवते, आणि त्याच्या पुढचा धडाही शिकवते. त्यांच्यावर जी टीका झाली, तिच्यातला हा एक मोठा मुद्दा होता. रोग्याने हो म्हटलं तर डॉक्टर बरोबर, नाही म्हटलं तर रोगी मनातलं दडपतोय, म्हणजे पुन्हा डॉक्टरच बरोबर. जो सिद्धांत कधी चुकूच शकत नाही, त्याला शास्त्र कसं म्हणायचं? आणि समोरच्या माणसाने तोंड तरी कशाला उघडायचं?

हे त्या संध्याकाळी नीट बोलता आलं असतं. मी काय बोलले ते तुला पाठ असेल. "चार बुकं शिकून मायले शिकवायले आली." माझ्या तोंडून माझी सासू बोलली. नंतर मी स्वयंपाकघरात गेले, आणि तू बॅग भरलीस.

जाताना उठवलं असतंस, राखी. रडले असते, पण उठले असते.

आई


देवरी,
३० नोव्हेंबर

राखी,

उत्तराची वाट पाहणार नाही असं ठरवलं होतं. पोस्टमन कवडूभाऊ आजकाल माझं तोंड पाहूनच लांबून 'नाही' म्हणून हात हलवतात.

परवा वर्गात तोच धडा होता. बाप, आई आणि मुलगा. मुलाला आई हवी, बाप आडवा येतो, त्या भीतीतून मुलाचं मन घडतं. मी फळ्यावर त्रिकोण काढला. मागच्या बाकावरची साक्षी म्हणाली, "मॅडम, आमचे बाबा तर आठ महिने हैदराबादले कामावर राहतात. माझा भाऊ भांडेल कोनासंग?" वर्ग हसला. दुसरी म्हणाली, "त्या डॉक्टरच्या घरी आजी नव्हती का? काकू? आमच्या घरी एवढे लोक आहेत, का त्रिकोण काढाले जागाच नाई."

मी त्यांना सांगितलं की हेच पुढे मोठमोठ्या लोकांनी विचारलं. एका जर्मन डॉक्टरीणबाईंनी तर म्हाताऱ्याला तोंडावर सांगितलं, की बायकांना पुरुषाच्या देहाचा हेवा नसतो, पुरुषाला जे मोकळेपण मिळतं त्याचा असतो. आपल्या कोलकात्याच्या एका डॉक्टरांनी व्हिएन्नाला वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, की आमच्याकडचे रोगी वेगळे आहेत, आमच्याकडची आई वेगळी आहे. गोड उत्तरं आली. कोलकात्याच्या मंडळींनी एक हस्तिदंती मूर्तीही पाठवली. मूर्ती म्हातारबाबांनी टेबलावर ठेवली, विचार मात्र बाजूला ठेवला.

वर्ग सुटला आणि माझ्याकडून तो त्रिकोण पुसायचा राहिला. तुझ्या पानावरही तोच आहे, एवढंच की एक कोन रिकामा आहे. त्या चार वर्षांबद्दल तू लिहिलंस, 'मूल नातेवाईकांकडे.' त्या नातेवाईकांचं नाव धुरपताबाई आहे. माझी थोरली जाऊ, चिचगडची, तुझी मोठी माय. तुला तिच्याकडचं काही आठवत नाही म्हणतेस. तू तिला नुसतं 'माय' म्हणायचीस, आणि मला 'मास्तरीन', कारण ती मला तसं म्हणायची.

बाबांची बदली कोरचीकडे, माझं एम.ए. आणि मग बी.एड. नागपूरला. तिला मूल नव्हतं. सगळ्यांनाच ते बरं वाटलं. तुझी शाळा सुरू व्हायची वेळ आली तसं आम्ही देवरीत घर केलं आणि तुला आणलं. तू निघालीस तेव्हा मोठी माय घरी नव्हती, मोहफुलं वेचायला रानात गेली होती. देवरीत तू आठवडाभरात रुळलीस. रडली नाहीस, हट्ट केला नाहीस. मी सगळ्यांना कौतुकाने सांगायचे.

आज लिहायला बसण्याचं खरं कारण वेगळंच आहे. तिचा भाचा योगराज परवा घरी आला होता. तुझे मोठे बाबा सुकरामभाऊ गेल्यापासून मोठी माय त्या घरात एकटी आहे, आणि आता तिला दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, एकात तर आणखीही काहीतरी. योगराज तिला राजनांदगावला, त्याच्या घरी, नेणार आहे.

"काकू, आत्याले बोललो का ऑपरेशनसाठी चाललो म्हणून," तो चहा बशीत ओतत म्हणाला. "परत नाही आणणार. तिकडं खोली बनवून ठेवली आहे. पर तिले सांगू नका. सांगितलं तर घराचा खांबा पकडून बसेल. एक बार तिकडं गेली का मग आठ दिवसांत जम जाएगी."

बाबा म्हणाले, बरोबर आहे, कायले रडवाचं म्हातारीले. मीही मान हलवली.

तो गेल्यावर 'आठ दिवसांत' हे शब्द घरातच राहिले.

तू तिला एकदा भेटून जावंस, असं मला वाटतं. जानेवारीत नेणार आहे तो.

आई


देवरी,
१४ डिसेंबर

राखी,

मागच्या पत्रात मी लिहिलं, तुला आणलं तेव्हा मोठी माय घरी नव्हती. ते खरं आहे. का नव्हती, ते लिहिलं नाही.

त्याआधी रविवारांबद्दल सांगते. दर शनिवारी मी नागपूरहून कोहमाऱ्याला उतरायचे, तिथून मिळेल त्या गाडीने देवरी आणि पुढे चिचगड. रविवारी दुपारी परत. निघायची वेळ झाली की घरातलं कुणी तरी तुला उचलून परसात न्यायचं, "ते पाय कोंबडीचे पिल्लं, ते पाय," म्हणत पिल्लं दाखवायचं, आणि मी चपला हातात घेऊन पुढच्या दाराने निघायचे. आपल्याकडे सगळेच असं करतात. माझी आई करायची, तिची आई करायची. लेकराच्या डोळ्यासमोर जायचं नाही, ते रडतं. डोळा चुकवून जायचं. यात कुणाला काही वाईट दिसत नाही. प्रेमच दिसतं.

मी गेल्यावर तू काय करायचीस, ते मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

पुढे शिकवताना एका इंग्रज डॉक्टरांचं वाचलं. आईपासून तुटलेली लेकरं त्यांनी दवाखान्यांतून, अनाथालयांतून पाहिली. म्हाताऱ्याच्या परंपरेतलेच, पण त्यांनी सांगितलं की लेकराच्या मनात काय इच्छा चालते ते नंतर बघू, आधी त्याच्यासोबत खरंच काय घडलं ते बघा. त्यांच्याच लोकांनी त्यांना बरीच वर्षं जवळ केलं नाही. त्यांनी मांडलेला क्रम मी फळ्यावर लिहिते. आधी लेकरू रडून भांडतं, मग हताश होतं, मग शांत होतं. शांत झालं की मोठी माणसं म्हणतात, रुळलं. हे वाक्य मी मुलींकडून दोनदा लिहून घेते. पहिल्या वर्षी लिहून घेतलं तेव्हा तू पलीकडच्या वर्गात पाढे म्हणत होतीस. मला काहीच जाणवलं नाही. शिकवणाऱ्याला धडा स्वतःचा वाटत नाही, राखी. तो परीक्षेचा असतो.

आता ती सकाळ. एप्रिल होता. तुला न्यायला मी आणि बाबा आदल्या दिवशी चिचगडला आलो. मोठी मायला माहीत होतं की शाळेसाठी तुला कधीतरी नेणार, पण कधी ते नाही. सुकरामभाऊंनी मला गोठ्यामागे बोलावलं. म्हणाले, "हे पाय, थ्या सोडणार नाई पोरीले. तिच्यासमोर नेशीन तर तमाशा होईन. सकाळी थ्या मोहाले जाते. तवा न्या." मला ते शहाणपणाचं वाटलं. मोहफूल पहाटे पडतं, उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं. तेवढा वेळ ती नक्कीच बाहेर असणार होती. ती टोपली घेऊन गेली, आणि आम्ही तुला झोपेतच उचलून बसमध्ये बसवलं.

या वेळी डोळा चुकवला तो तुझा नव्हे, तिचा. आणि तुझाही. तू उठलीस तेव्हा माय नव्हती.

म्हणजे तुझ्या पानावर जी जागा तू 'आई नव्हती' म्हणून रिकामी ठेवलीस, तिथे एक बाई होती. पूर्ण वेळ होती. तुटलं असेल तर ते दुसऱ्या वर्षी माझ्यापासून थोडं आणि सहाव्या वर्षी तिच्यापासून सगळं. तू मला ज्यासाठी दोष देतेस, त्याहून माझा दोष दुसरीकडे आहे.

ही सुटका करून घ्यायची युक्ती वाटेल तुला. वाटू दे. एवढं मात्र पाहा: ज्यांनी म्हाताऱ्याला सुधारलं, त्यांनी बापाला जरा बाजूला केलं आणि मधल्या खुर्चीवर आईला बसवलं, आरोपी म्हणून. नंतरच्या बायकांनी विचारलं, की ही आईसुद्धा माणूस आहे की नाही, तिला स्वतःचं मन आहे की नाही. आपल्याकडच्या अभ्यासकांनी 'अनेक आयांचं मूल' असंही लिहिलं. पण ते मुलाबद्दल. त्या अनेकींतल्या एकीच्या हातातून मूल काढून घेतलं तर तिचं काय होतं, हे मी बरंच शोधलं. मला तरी सापडलं नाही.

मोठी माय त्यानंतर आमच्या देवरीच्या घराची पायरी चढली नाही. आम्ही म्हणायचो, तिला बस लागते.

आई


चिचगड,
४ जानेवारी

राखी,

हे पत्र तिच्या ओसरीवर बसून लिहिते आहे. ती माझ्याशी बोलत नाही, म्हणून वेळ आहे.

काल आले तेव्हा ती दाराशी बसून दातांना तंबाखूचा गुडाखू घासत होती. पायांचा आवाज ऐकून म्हणाली, "मास्तरीन का वं? आज कायले आली? कोनी मेला का?"

"तुम्हाला बघायला आले, बाई."

"पाय मंग. मले तं तू दिसत नाई, तू पायून घे."

मी तिला आधी म्हणाले, ऑपरेशन गोंदियाला करू, आमच्या घरी राहा. तिने तोंडातलं थुंकून टाकलं. "देवरीले मी येत नाई." एवढंच.

संध्याकाळी ती सुपात तांदूळ पाखडत होती. दिसत नाही, पण हात बरोबर चालतो. खडे मात्र तसेच राहतात, आणि जेवताना दाताखाली आले की दुकानदाराला शिव्या देते. मी म्हणाले, "बाई, योगराज तुम्हाला परत आणणार नाही."

सूप चालूच राहिलं. मग थांबलं.

"कोन बोल्ला?"

"तोच म्हणाला. ऑपरेशन झालं की तिकडेच ठेवणार आहे. खोली बांधली आहे."

"आन तुमाले सब्बाइले मालूम होता."

"हो."

"मी का बकरी होय का वं, पाला दाखवला का मागं मागं चालली?" तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर सोपं गेलं असतं. "तवाबी असाच केला. टोपलीभर मोह घेऊन आलो, आन घरात पोरगी नाई. मी विहिरीत वाकून पायलो. मले वाटला पोरगी विहिरीत गेली. मंग शेजारीन म्हणते, अवं, मास्तरीननं नेली."

विहिरीचं मला माहीत नव्हतं, राखी. इतक्या वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

मग तिने मान भिंतीकडे केली. तिथे सुकरामभाऊंचा फोटो आहे, वाळलेला हार घातलेला. "यायले मालूम होता का?"

मी म्हणाले, नाही.

गोठ्यामागचं त्यांचं बोलणं तुला सांगितलं, तिला नाही सांगितलं. तू म्हणशील, खरं सांगायला गेली आणि खोटं बोलून आली. ते घर सोडून जायचंय तिला, आणि फोटो सोबत न्यायचाय. मला नाही जमलं.

तेव्हापासून ती बोलत नाही. आज सकाळी मी योगराजला फोन करून सांगितलं, तर तो उखडला. "काकू, बोललो होतो ना, चुपचाप राहा म्हणून. दवाखान्याची तारीख घेतली मी. अब बुढी अडून बसली तर डोळा जाईल, मग तुम्ही या सांभाळायले." तो वाईट नाही. दर महिन्याला तोच येतो तिच्याकडे. आम्ही दिवाळीला येतो.

ती नाही गेली तर दृष्टी कायमची जाईल, आणि ते माझ्यामुळे होईल. गेली तर या घरातून जाईल. लंडनच्या एका बालडॉक्टरांनी म्हटलं होतं, आई अचूक असावी लागत नाही, पुरेशी बरी असली की झालं. इतकी वर्षं मी त्या वाक्याचा आधार घेतला. आज त्याच्यावर वजन टाकवत नाही.

आता ती आतून हाक मारते आहे.

नंतर: हाक मारली ती जेवायला. ताट वाढून दिलं, खडे असलेल्या भाताचं. म्हणाली, "जाईन मी. डोळ्याचा काम आहे तं जाईन. पन माह्या मनानं जाईन. कुत्र्यालेबी सांगून जाईन." मग थोड्या वेळाने: "राखीले सांगतल्याबिगर मी गाडीत बसत नाई. तिले बोलव."

योगराजने तारीख पुढे ढकलली आहे, पण एकदाच ढकलता येईल म्हणतो.

ये, राखी. माझ्यासाठी नको.

आई


देवरी,
२५ जानेवारी

राखी,

तू आली नाहीस. रविवारी बाबा अंगणातून आत आले आणि या वेळी शाळेतला होता असं म्हणाले नाहीत. म्हणाले, "राखी पुसत होती, मोठी माय कशी आहे म्हणून." मग म्हणाले, परीक्षा आहे तिची. परीक्षा असेलच. मी त्या एका प्रश्नावर तो आठवडा काढला, आणि तो प्रश्न मोठी मायला जाऊन सांगितला. तिने दोनदा सांगायला लावला.

काल ती गेली. कशी गेली ते सांगते, कारण तसं जाताना मी आपल्या घरात कुणाला पाहिलं नाही.

सकाळी तिने नवं लुगडं नेसलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून घरोघर निघाली. प्रत्येक दाराशी थांबून, "मी जाऊन राहिलो. आता येनं नाई." बायका रडल्या. सुशिलाबाईंशी तिचं वाटणीच्या कुंपणावरून कधीचं भांडण आहे. त्यांच्याही दाराशी गेली. "सुशिले, मी चाललो. आता कुंपन तूच घे." सुशिलाबाई म्हणाल्या, "आता कायले सांगते, आधी द्याचं होतं," आणि पदर डोळ्यांना लावला. योगराज मागून गाडी हळूहळू आणत होता. वैतागून म्हणाला, "ये तो बारात निकल गई." खरोखर कुत्र्यालाही सांगितलं तिने. गोठा रिकामाच आहे, तिथेही जाऊन उभी राहिली.

मग गाडीपाशी आली आणि बसेना. "राखी?"

मी म्हणाले, ती नाही येऊ शकली.

योगराजने घड्याळ पाहिलं. ती तिथेच, गाडीच्या दाराला धरून उभी. मग म्हणाली, "तू पत्र लिहितेस ना तिले. लिव्ह."

कागद नव्हता. योगराजच्या गाडीतल्या पेट्रोलच्या पावतीमागे लिहून घेतलं. जसं बोलली तसंच उतरवते:

"राखी, मी माय होय. मी राजनांदगावले जाऊन राहिलो. तू आंगनात खेळून राहिली अशीन, तरी सांगून जातो. त्या दिवशी तू गेली तवा मी घरी नव्हतो. मोहाले गेलो होतो. मी तुले सोडून गेलो नव्हतो, मोहाले गेलो होतो, एवढाच. मी वापस आलो होतो. आता जातो. रडशीन तं रड. मी हात हालवून राहिलो."

"झाला," ती म्हणाली आणि गाडीत बसली.

गाडी वळली तेव्हा तिने खिडकीतून हात बाहेर काढला. दिसत तर नाही तिला. ती हात हलवत होती तो रस्त्याच्या पलीकडे, चिंचेच्या झाडाकडे, तिथे कुणीच नव्हतं. आम्ही सगळे इकडे उभे होतो.

मी रस्ता ओलांडून तिकडे गेले आणि तिच्या हातासमोर उभी राहिले, गाडी दिसेनाशी होईपर्यंत.

आई